गिऱ्हाईक गेलं कुठे? वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत तक्रार एकच, अक्षरं तेवढी वेगळी: लोक बदलले. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या धंद्याच्या वह्या तपासल्या. त्यामुळे माझी उत्तरं वहीकडे झुकलेली असतात आणि थोडी कोरडीही. ज्यांना स्फूर्ती हवी आहे त्यांनी खुशाल पान उलटावं.

प्रश्न : आमचा छपाईचा व्यवसाय आहे. बिलबुकं, लेटरहेड, माहितीपत्रकं ही नेहमीची कामं. गेली काही वर्षं ती आटत चालली आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, यंत्रं विकू आणि डिजिटल जाहिरातींच्या धंद्यात उतरू. मला वाटतं, मंदी आहे, जाईल. कोणाचं खरं?

तुम्ही दोघंही वही न उघडता भांडताय. आधी ती उघडा. मंदीत बहुतेक गिऱ्हाइकं तीच राहतात, फक्त हात आखडतात. दहा बिलबुकांऐवजी सहा मागवतात. सवय बदलते तेव्हा चित्र वेगळं दिसतं. काही नावं वहीतून कायमची जातात आणि उरलेली पूर्वीइतकंच काम देत राहतात. वर्षाअखेरचा एकूण आकडा दोन्ही वेळा सारखाच घसरलेला दिसतो, म्हणून त्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तीन वर्षांपूर्वीची नावं काढा आणि प्रत्येकापुढे शेवटच्या बिलाची तारीख लिहा. जे गेले त्यांना फोन करा. ‘आमच्याकडे का येत नाही’ असं विचारू नका, माणूस अवघडतो आणि काहीतरी गुळमुळीत बोलतो. ‘आता बिलं कशी करता?’ एवढंच विचारा. संगणकावर करतात असं कळलं तर ते काम परत येणार नाही. दुसऱ्या छापखान्यात जातात असं कळलं तर सवय बदललेली नाही, तुमच्याच कामात काहीतरी कमी पडतंय.

समजा, सवयच बदलली आहे. मग भावाची सूचना विचारात घ्यायला हवी. पण त्याआधी फोटोफिल्म बनवणाऱ्या दोन कंपन्यांची हकीकत ऐका. कोडॅकचं उदाहरण भाषणांतून इतकं घासलं गेलंय की मला त्याचा कंटाळा येतो, शिवाय ते अर्धवट सांगितलं जातं. ‘कोडॅकला बदल दिसलाच नाही’ असं म्हणतात. तसं नव्हतं. स्टीव्ह सॅसन या त्यांच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. साडेतीन किलोंच्या वर वजन, आणि एक काळंपांढरं चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे बाजारात आणले आणि २००५ च्या सुमाराला अमेरिकेत त्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. त्याआधी १९८८ मध्ये तिने स्टर्लिंग ड्रग ही औषध कंपनी पाच अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतली होती, आणि काही वर्षांतच ती तुकड्यातुकड्याने विकून टाकली. थोडक्यात, कोडॅक हातावर हात ठेवून बसली नव्हती. तरी जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

नफ्याचं गणित पाहिलं की यातलं बरंचसं उलगडतं. फिल्मचा रोल एकदा वापरला की संपतो, मग नवा रोल, ती धुणं, कागदावर छापणं. प्रत्येक टप्प्यावर पैसा. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाईक कित्येक वर्षं तोंड दाखवत नाही. म्हणजे कोडॅक नव्या सवयीच्या मागे गेली, पण त्या सवयीत तिच्या जुन्या नफ्याला जागाच नव्हती. शिवाय ती सवयही टिकली नाही. डिजिटल कॅमेऱ्यांची जगभरातली विक्री २०१० मध्ये सुमारे १२ कोटींवर गेली आणि दहा वर्षांत एक कोटीच्याही खाली आली, कारण लोक फोननेच फोटो काढू लागले. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. आज तो ज्या धंद्यात उतरू म्हणतोय त्याचंही वय त्याने विचारून घ्यावं.

दुसरी कंपनी जपानची फुजीफिल्म. फिल्मचा खप २००० साली शिखरावर होता. पुढची दहा वर्षं तो इतका कोसळला की दहावा हिस्साही उरला नाही. शिगेताका कोमोरी तेव्हा प्रमुख होते. त्यांनी आपल्या तंत्रज्ञांकरवी आपल्याला नेमकं काय काय येतं याची मोजदाद करून घेतली. फिल्म म्हणजे अतिशय पातळ थर एकसारखे बसवण्याचं कसब. टीव्ही-संगणकाच्या सपाट पडद्यांना तशाच एका संरक्षक फिल्मची गरज होती, तिथे कंपनीने मोठी गुंतवणूक केली. फिल्ममध्ये जिलेटिन असतं आणि ते कोलॅजनपासून बनतं. फोटोचे रंग विटू नयेत म्हणून वापरायच्या रसायनांचाही दांडगा अभ्यास घरात होता. त्या बळावर २००७ मध्ये तिने त्वचेसाठी प्रसाधनं आणली. फोटोवाल्यांनी क्रीम विकायचं म्हणजे विनोदच, पण त्या क्रीमला लागणारी विद्या घरची होती. कोडॅकने औषध कंपनी घेतली ती मुख्यतः पैशाच्या जोरावर. मला दोघींमधला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

फुजीचंही सगळं गोडगोड झालं असं समजू नका. २००६ च्या सुमाराला तिने फिल्मच्या धंद्यातली सुमारे ५,००० माणसं कमी केली. जुन्या धंद्यात पैसा होता तेव्हाच हे सगळं हाती घेतलं, म्हणून नव्याला भांडवल मिळालं.

आता तुमचा छापखाना. तुम्हाला काय येतं? रंग जुळवणं, कागद ओळखणं, बारीक मजकूर न चुकता छापणं, दिलेल्या तारखेला माल देणं. यातलं डिजिटल जाहिरातीत फारसं काही उपयोगी पडत नाही. पण लोक घरपोच माल मागवू लागले तशी खोकी, लेबलं आणि माल परत करण्याच्या चिठ्ठ्या वाढल्या. तिथे हे सगळं लागतं. चालू यंत्रावर लेबलांची चार कामं घेऊन बघा. ती जमली, तर मग कोणतं यंत्र विकायचं याचा विचार करा.

प्रश्न : नवं वेष्टन आणण्याआधी आम्ही ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घेतली. बहुतेकांनी लिहिलं, ‘प्लास्टिक नको, थोडे जास्त पैसे देऊ.’ आम्ही तसं केलं, किंमत किंचित वाढवली, आणि खप घसरला. लोक खोटं का बोलतात?

खोटं बोलत नाहीत हो. प्रश्नावली भरताना माणूस आपण कसे असायला हवं ते लिहितो. खरेदी करताना मूल रडत असतं, उशीर झालेला असतो, पाकीट हलकं असतं. दोन्ही वेळी तो प्रामाणिकच असतो.

तरीही प्रश्न काय विचारला याने फरक पडतो. कोका-कोलाने १९८५ मध्ये पेयाची चव बदलली, त्याआधी जवळपास दोन लाख लोकांना चाखायला दिलं होतं. नवी चव जास्त लोकांना आवडली. बाजारात आणली आणि एवढा गदारोळ उठला की ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं. चाचणीत घोटभरच प्यायचं होतं, आणि गोडसर पेय घोटभर चांगलंच लागतं. ‘हे आलं की जुनं मिळणार नाही, चालेल?’ याचं उत्तर मात्र त्या घोटातून मिळणार नव्हतं.

म्हणून ‘तुम्ही घ्याल का’ हा प्रश्नच प्रश्नावलीतून काढून टाका. पुढच्या काळाबद्दल माणूस उदार असतो. ‘मागच्या वेळी कोणतं घेतलंत, दुसरं का ठेवून दिलंत?’ असं विचारा. त्याहून बरं म्हणजे दोन्ही वेष्टनं शेजारी शेजारी ठेवा, खऱ्या किमतीला, महिनाभर. एक तपशील तुमच्या पत्रात नाही. वेष्टन आणि किंमत दोन्ही एकाच दिवशी बदललंत का? तसं असेल तर खप कशामुळे घसरला हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही सांगता येणार नाही. वाढीव किंमत मागे घेऊन वेष्टन तेच ठेवून बघा.

प्रश्न : लोक विद्युत उपकरणं आमच्याकडे येऊन हाताळून बघतात, तासभर माहिती विचारतात आणि तिथेच उभं राहून फोनवरून दुसरीकडे मागवतात. ‘फक्त बघण्यासाठी शुल्क’ अशी पाटी लावावी म्हणतो.

पाटी लावू नका. चोरून बघणारे बघतीलच, घेणारे तेवढे दाराशीच परततील.

अमेरिकेतल्या बेस्ट बाय या दुकान-साखळीवर नेमकी हीच वेळ आली होती. ‘ही आता दुसऱ्यांची शोरूम झाली’ असं लोक उघड म्हणत. २०१२ मध्ये ह्युबर्ट जोली प्रमुख म्हणून आले. मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या किमतीला किंमत लावून द्यायची, हे त्यांनी २०१३ पासून कायमचं केलं, म्हणजे दुकानात उभ्या असलेल्या माणसाला बाहेर जायचं कारणच उरलं नाही. लोक बघायला येतात ना, मग बघायची जागाच विकू, असं म्हणून सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट यांना दुकानात स्वतंत्र दालनं दिली. बघण्याचे पैसे बघणाऱ्याऐवजी दाखवणाऱ्याकडून घेतले! आणि ऑनलाइन आलेल्या मागण्यांचा माल जवळच्या दुकानातूनच पाठवायला सुरुवात केली, त्यामुळे दुकानंच गोदामाचं काम करू लागली.

तुमचा पसारा एवढा नसेल. उत्पादकांच्या विक्री-प्रतिनिधीकडे मांडणीच्या जागेचे पैसे मागून बघा, फार तर नाही म्हणेल. सगळ्या मालाच्या किमती पाडू नका, नफा तेवढं सोसणार नाही. जो फोन हातात धरून उभा आहे त्याच्यापुरतीच तडजोड करा, आणि आज बसवून देणं, जुनं उचलून नेणं, बिघडलं तर माणूस पाठवणं याचे वेगळे पैसे लावा. तासभर माहिती देणारा माणूस तुमच्याकडे आहे, ही गोष्ट तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलीत याचं मला आश्चर्य वाटलं.

प्रश्न : वर्षभर ‘सेल’ लावून लावून लोकांना सवय लागली आहे. सूट नसली की कोणी फिरकत नाही. एकदाच सगळी सूट बंद करून रास्त किंमत ठेवावी का?

‘एकदाच’ आणि ‘सगळी’ या दोन शब्दांनी मला धडकी भरते. जेसी पेनी या अमेरिकी कंपनीत रॉन जॉन्सन यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत हेच केलं. ॲपलच्या दुकानांमुळे त्यांचं मोठं नाव झालेलं. कूपनं आणि सेल बंद करून रोजची किंमतच कमी ठेवली. हिशेबाने गिऱ्हाइकाचा फारसा तोटा नव्हता. पण खोडलेली जुनी किंमत दिसेना, त्यामुळे आपलं किती वाचलं हे कळायचं साधनच गेलं. वर्षभरात विक्री सुमारे २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. काही दुकानांत आधी करून बघू, असं सुचवलं गेलं होतं, त्यांनी ते मानलं नाही.

तुम्ही एका प्रकारच्या मालापासून सुरुवात करा. तोही असा निवडा, की ज्याची बाजारातली किंमत लोकांना तोंडपाठ आहे. तिथे तुमची किंमत रास्त असल्याचं त्यांना पाटीशिवाय कळेल. कपड्यांसारख्या मालाची सूट सर्वांत शेवटी काढा.

प्रश्न : मुलगी म्हणते, सगळ्या ऑर्डरी ॲपवरच घ्यायच्या, फोन बंद. जुनी गिऱ्हाइकं फोनच करतात. दोन्ही ठेवलं तर खर्च दुप्पट. किती दिवस ठेवायचं?

नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला २००७ मध्ये सुरुवात केली. टपालाने डीव्हीडी पाठवणं तिने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये थांबवलं. मध्ये २०११ मध्ये तिलाही तुमच्या मुलीसारखी घाई झाली होती. दोन्ही सेवांची वर्गणी वेगळी केली, दोन्ही हव्या असणाऱ्यांना ती सुमारे ६० टक्क्यांनी महाग पडली, आणि डीव्हीडीसाठी निराळ्या नावाची कंपनीच काढायचं जाहीर केलं. एका तिमाहीत अमेरिकेतले सुमारे आठ लाख वर्गणीदार गेले. वेगळ्या कंपनीचा बेत महिन्याभरातच गुंडाळला, वर्गणीवाढ मात्र तशीच ठेवली. डीव्हीडीवाल्यांना मग त्यांच्या गतीने कमी होऊ दिलं.

खर्च दुप्पट होतो हे मला पटत नाही. फोन सकाळी दोन तास घ्या. फोनवर आलेली ऑर्डर घेणाऱ्याने त्याच ॲपमध्ये भरावी, म्हणजे हिशेब एकच राहील. दर महिन्याला फोनवरची नावं मोजा. ज्या महिन्यात फोनवरच्या ऑर्डरींचा नफा त्या दोन तासांच्या पगाराखाली जाईल, तेव्हा उरलेल्यांना मुलीनेच एकेक करून ॲप शिकवावं. तिला लोकांशी बोलायचा कंटाळा असेल, तर ते काम तुम्ही करा.