परवानगी कमांडिंग ऑफिसरची

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये आलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या हजारो मुलींशी लग्ने केली, असे वाचनात आले. ऐन युद्धात त्यांच्या ओळखी कुठे होत असत? लग्नानंतर पत्नीला लगेच अमेरिकेला जाता येत असे का?

उत्तर : ओळख होणे हा यातला सर्वांत सोपा भाग होता. अमेरिकन तुकड्या जानेवारी १९४२ पासून ब्रिटनमध्ये उतरू लागल्या आणि जून १९४४ मधील नॉर्मंडीच्या चढाईपर्यंत तिथे सुमारे १५ लाख अमेरिकन सैनिक जमा झाले होते. त्यांच्या वयाचे अनेक ब्रिटिश तरुण तोवर आघाडीवर होते. डिसेंबर १९४१ च्या कायद्याने अविवाहित तरुणींनाही युद्धसेवा सक्तीची झाल्याने कितीतरी मुली घर सोडून कारखान्यांत किंवा महिला दलांत काम करत होत्या, आणि वडीलधाऱ्यांची नजर साहजिकच दूर राहिली होती. नाचाचे हॉल, पब, छावणीतले संगीताचे कार्यक्रम आणि लंडनमध्ये पिकॅडिलीजवळचा अमेरिकन रेडक्रॉसचा ‘रेनबो कॉर्नर’ क्लब या नेहमीच्या भेटीच्या जागा होत्या. अमेरिकन शिपायाचा पगार ब्रिटिश शिपायाच्या कित्येक पट होता, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही. ब्रिटिश शिपायांचा तर त्यावर उघड राग होता.

खरी अडचण लग्न ठरल्यावर सुरू होई. अमेरिकन युद्धखात्याने जून १९४२ मध्येच असा नियम केला होता की परदेशात तैनात असलेल्या सैनिकाने आपल्या कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीशिवाय लग्न करू नये. त्यामुळे अर्ज, चौकशी, पाद्र्याशी बोलणे आणि सक्तीची प्रतीक्षा यांत महिने जात, आणि तेवढ्यात तुकडीला हलण्याचा हुकूम आला की सगळेच अडून बसे. अधिकारी सहानुभूतीने पाहणारा असेल तर काम होई. नसेल तर दाद मागायला फारशी जागा नव्हती. कृष्णवर्णीय सैनिकाने गोऱ्या मुलीशी लग्न करण्याची परवानगी मागितली, तर ती जवळजवळ हमखास नाकारली जाई. अमेरिकेतील अनेक राज्यांत असा विवाह तेव्हा गुन्हाच होता, आणि हे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द ठरवेपर्यंत काही राज्यांत टिकून होते. त्यामुळे या जोडप्यांची मुले आईच्या किंवा अनाथालयाच्या आधाराने वाढली. युद्धकाळातील लग्नांच्या गोड आठवणींत हा भाग सहसा गाळला जातो, म्हणून तो इथे मुद्दाम सांगितला.

लग्नसोहळा साधाच असे. जून १९४१ पासून कपड्यांना कूपन लागत होते, त्यामुळे वधूचा पोशाख बहुधा उसना घेतलेला असे.

लगेच जाता येत असे का, याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. १९२२ च्या कायद्यापासून केवळ अमेरिकन पुरुषाशी विवाह केल्याने स्त्रीला अमेरिकन नागरिकत्व मिळत नव्हते. शिवाय युद्ध संपल्यावर जहाजांवर पहिला हक्क मायदेशी परतणाऱ्या सैनिकांचा होता. नवरा घरी पोहोचलेला आणि पत्नी, कधी तान्ह्या मुलासह, ब्रिटनमध्येच अडकलेली, अशी स्थिती झाल्याने संतप्त पत्नींनी लंडनमध्ये निदर्शने केली. अखेर २८ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेने ‘वॉर ब्राइड्स’ कायदा करून सैनिकांच्या पत्नी व मुलांना स्थलांतरितांच्या ठरावीक कोट्याबाहेर प्रवेश दिला. टिडवर्थच्या छावणीत कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासणी उरकून ४५२ वधू व त्यांची मुले ‘अर्जेंटिना’ या जहाजाने २६ जानेवारी १९४६ रोजी साउथॅम्प्टनहून निघाली आणि ४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कला पोहोचली. ज्यांचा फक्त वाङ्‌निश्चय झाला होता, त्यांना मात्र जून १९४६ च्या वेगळ्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्यांना तात्पुरता प्रवेश मिळे, आणि तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर परत जावे लागे.