ब्लोअरचा फॅन बदलू की नवी शेगडी हप्त्यावर घेऊ?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्या घरीच स्वयंपाक करून रोज ४० डबे देतात, ७० रुपयाला एक, गिऱ्हाईक बहुतेक विद्यापीठातली पोरं. सगळा स्वयंपाक ब्लोअरवाल्या, म्हणजे पंख्यानं हवा देणाऱ्या, पेलेट शेगडीवर (पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या बारीक कांड्या), शेगडीला ३ वर्षं झालीत. महिनाभर झालं ब्लोअर घरघर करतोय, ज्वाळ पिवळी पडतीय, पातेली काळी व्हायला लागलीत आणि दिवसाला १८ किलो लागणारं पेलेट आता २२ किलो लागतंय. मोटरसकट नवा फॅन ४,२०० ला मिळतोय, उद्यमनगरात जुनाच दुरुस्त करायचे ९०० सांगितलेत, आणि घरचे म्हणतात जुन्यात पैसे घालू नको, २६,००० ची नवी शेगडीच घे, २,४५० चे १२ हप्ते. हाताशी ११,००० आहेत. पुढच्या महिन्यात ३०,००० ची भिशी मिळणार, पण ती लेकीच्या फीसाठी ठेवलीय.

ताई, फॅन बदला आणि या आठवड्यातच बदला. नवी शेगडी नको, भिशीला तर हातच लावू नका.

तुम्ही ९००, ४,२०० आणि २६,००० असे तीनच आकडे समोर ठेवलेत, पण खरा आकडा तुमच्याच पत्रात दुसरीकडे आहे, ते रोजचं ४ किलो जास्तीचं पेलेट. तुम्हाला किलो १३ रुपयांनी पडतं म्हणजे दिवसाला ५२ रुपये, महिन्याचे २६ दिवस धरले तरी १,३५२ रुपये. हे पैसे आत्ताच जायला लागलेत, फक्त त्याचं बिल कोण देत नाही म्हणून ते दिसत नाहीत. नवा फॅन टाकून खप परत १८ वर आला तर ४,२०० रुपये तीन महिन्यांच्या आसपास फिटतात, मग थांबून काय वाचणार सांगा.

आणि हे पेलेट जातं कुठं, तर धुरात. या शेगडीत ब्लोअर थोडी हवा खालनं निखाऱ्याला देतो आणि बाकीची वरच्या बारीक भोकांतनं, पेलेट तापून जो गॅस सुटतो तो त्या वरच्या हवेत जळतो. फॅनचे फेरे कमी झाले की तो गॅस अर्धवट जळतो, धूर आणि काजळी होते आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साईड पण होतो, त्याला वासही नसतो रंगही नसतो. खोकला वाढलाय असं तुम्ही सहज लिहून गेलाय पण मला ते वाचून बरं वाटलं नाही. फॅन बसेपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवूनच शेगडी पेटवा, आणि खोकला राहिला तर डॉक्टरांना दाखवाच.

आता ९०० की ४,२००. मोटर गुणगुणते पण हातानं ढकलल्यावरच फिरते असं असतं तर बऱ्याचदा नुसता कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो, तो स्वस्तात बदलून मिळतो, किंवा पात्यावर राख आणि तेलाचं किटण बसून तोल गेला असता तर ब्रशनं साफ करून काम भागलं असतं. पण तुम्ही लिहिलंय की साफ करून झालंय, तरी पातं हलवलं की खुळखुळतं आणि एका बाजूला घासतं. म्हणजे बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) तर गेलाच आहे, शाफ्टपण, म्हणजे तो दांडाही, झिजला असणार. झिजलेल्या शाफ्टवर नवा बुश बसवला तर तो थोडेच दिवस टिकतो आणि ९०० परत जातात. म्हणून नवा फॅन. घेताना बॉल बेअरिंगचा आहे का विचारा, गरम जागेत साध्या बुशापेक्षा ते जास्त टिकतं, आणि व्होल्टेज आणि पात्याचा साईज जुन्याशी जुळवून बघा. जुनी मोटर टाकून देऊ नका. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आटपल्या आणि हातात पैसा आला की मिस्त्रीकडं शाफ्ट उघडून दाखवा, तो चांगला निघाला किंवा बदलून मिळाला तर ती स्पेअर म्हणून फडताळात ठेवा, कारण ऐन सकाळी फॅन बंद पडला तर एका दिवसाचा २,८०० चा धंदा जातो आणि दोन दिवस डबा चुकला की पोरं दुसरी मेस शोधतात.

नव्या शेगडीचं गणित घरच्यांना पण दाखवा. २,४५० गुणिले १२ म्हणजे २९,४००, वर ३,४०० गेले. दुकानदार याला १३ टक्के म्हणेल, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, त्या हिशोबानं खरं व्याज वर्षाला २३ टक्क्यांच्या आसपास बसतं, प्रोसेसिंग फी असेल तर आणखी जास्त. शेगडीचं आतलं जळायचं भांडं वाकडं झालं असतं किंवा त्याला भोक पडलं असतं तर मी वेगळा विचार केला असता, पण तुमच्या म्हणण्याप्रमाणं ते ठणठणीत आहे.

गॅसवर जावं का असंही शेवटी विचारलंय. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा कमर्शियलच घ्यावा लागेल. एक किलो गॅसचं काम करायला साधारण साडेचार किलो पेलेट धरा, म्हणजे तुमच्या १८ किलोला ४ किलो गॅस. डीलरनं तुम्हाला सांगितलेल्या १,९०० च्या भावानं ते ४०० रुपये रोज, पेलेट २३४. सध्या तरी पेलेटच परवडतंय.

फॅन घेतल्यावर हातात ६,८०० उरतात, ते तसेच राहू द्या. आणि जे ५२ रुपये रोज धुरात जात होते त्यातले ३० रोज वेगळ्या डब्यात टाका, महिन्याला ७८० होतील, पुढच्या वेळी जाळी, फॅन, काय जाईल ते त्यातनं करता येईल. पोती फरशीवर नको, लाकडी फळीवर ठेवा, आपल्याकडच्या पावसात पेलेट ओल धरून भुगा होतं, तो भुगा हवेची वाट अडवतो आणि नव्या फॅनवरही लोड येतो. फॅन बसला की आठवडाभर रोज किती किलो लागलं ते कॅलेंडरवर लिहा, १९ च्या खाली आलं नाही तर मला परत कळवा, मग दोष फॅनमध्ये नाही, हवेची भोकं बुजलीत का ते बघावं लागेल.