पोटवर्ग की अंतर्वर्ग?

कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाईंची विचारणा आहे. प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीतून काढताना त्यांनी 'नेस्टेड क्लास'ला, म्हणजे एका क्लासच्या आत लिहिलेल्या क्लासला, 'पोटवर्ग' लिहिलं. (क्लास म्हणजे 'ऑब्जेक्ट' नावाच्या वस्तू पाडायचा साचा.) सहकाऱ्यांनी हरकत घेतली, पोटवर्ग म्हणजे 'सबक्लास'. शिवाय 'फॉर्मल टाइप सिस्टीम'ला 'औपचारिक प्रकार प्रणाली' चालेल का, आणि 'अ‍ॅनॉनिमस क्लास'चं काय करायचं, हेही विचारलंय.

सहकाऱ्यांचं बरोबर आहे, पण बाईंचंही चुकलेलं नाही. घोळ 'पोट'नेच घातलाय. मराठीत हे पोट दोन वेगळ्या कामांना जुंपलेलं आहे. पोटजात घ्या. पोटजातीतला माणूस मूळ जातीतलाही असतोच. आता सातबाऱ्यावरचा पोटखराबा घ्या. तो काही पिकाऊ जमिनीचा एक प्रकार नव्हे. पीक न येणारा, पण त्याच गटाच्या हद्दीत पडलेला तुकडा तो. पोटमाळाही तसाच, खोलीच्या आत असतो, पण पोटमाळा म्हणजे एका प्रकारची खोली असं कुणी म्हणत नाही. पहिलं पोट नातं सांगतं, दुसरं जागा सांगतं.

प्रोग्रॅमिंगमध्ये नेमकी हीच दोन पोटं वेगळी ठेवावी लागतात. 'सबक्लास' हे नातं आहे, मुलगा बापाच्या गुणांसकट येतो. 'नेस्टेड क्लास' ही जागा आहे, एका क्लासची व्याख्या दुसऱ्याच्या कंसात लिहिलेली. आणि एकाच क्लासला बापही असतो, घरही असतं. आतल्या क्लासमध्ये एखादं नाव वापरलं आणि ते तिथे लिहिलेलं नसलं, तर जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधी बापाकडून काय आलंय ते बघते, तिथे नसेल तरच घरमालकाकडे जाते. विद्यार्थी इथे हमखास आपटतात. दोन्हींना 'पोटवर्ग' म्हटलं तर हा नियम मराठीत सांगताच येणार नाही. म्हणून माझं मत असं: सबक्लास तो 'उपवर्ग', नेस्टेड तो 'अंतर्वर्ग'. पोटवर्ग कुणालाच नको.

'नेस्ट'वरून कुणी 'नीडित वर्ग' सुचवेल. ते संस्कृत घरटं कृपया नको. आपल्याकडे एकात एक बसतात ते डबे.

डब्यांवरून आठवलं. जावात अंतर्वर्ग १९९७ साली १.१ आवृत्तीत आले, आणि त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. 'स्टॅटिक' लिहिलेला तो डब्यातला डबा. आतल्या डब्याला बाहेरच्या ऑब्जेक्टशी काही देणंघेणं नसतं, नुसती ठेवायची सोय. 'स्टॅटिक' नसलेला, ज्याला जावावाले 'इनर' म्हणतात, तो पोटभाडेकरू. मूळ भाडेकरूशिवाय त्याला अस्तित्वच नाही. बाहेरचं एक ऑब्जेक्ट असल्याशिवाय आतलं तयार करता येत नाही, आणि आतल्याजवळ बाहेरच्याकडे बोट दाखवणारं एक छुपं फील्ड सहसा असतं. गंमत अशी की इथे पोटभाडेकरू हलल्याशिवाय मूळ भाडेकरूलाही जागा सोडता येत नाही, कारण आतलं ऑब्जेक्ट वापरात आहे तोवर बाहेरचंही मेमरीत अडकून राहतं.

आता 'फॉर्मल'. 'औपचारिक' लिहू नका. मराठीत औपचारिक भेट म्हणजे चहा घेऊन उठायची भेट. इथला 'फॉर्मल' नेमका उलटा, अक्षर न् अक्षर नियमाने बांधलेला. तर्कशास्त्रात 'आकारिक तर्कशास्त्र' हा शब्द रुळलेला आहे. तोच उचलावा, 'आकारिक प्रकारव्यवस्था'. म्हणजे कुठल्या पदावलीला (एक्स्प्रेशनला) कुठला प्रकार (आकडा, मजकूर की अमुक वर्गाचं ऑब्जेक्ट) मिळतो याचे लेखी नियम, आणि त्या नियमांतून पास झालेला प्रोग्रॅम चालताना 'ही मेथड या ऑब्जेक्टकडे नाहीच' म्हणून मध्येच अडकणार नाही, याची गणिती सिद्धता. इगाराशी, पिअर्स आणि वॅडलर या संगणकशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये अशा सिद्धतेसाठी जावाचा सगळा मांसल भाग काढून 'फेदरवेट जावा' केली. कोल्हापुरात फेदरवेट म्हटलं की वजनगट आठवणार, आणि अर्थ तोच आहे. पुढच्याच वर्षी इगाराशी आणि पिअर्स यांनी तिच्यात अंतर्वर्ग घातले. वर सांगितलेला बाप-आणि-घरमालक गुंता त्यांनाही तिथे सोडवावा लागला.

पण खरी मेख पुढे आहे, आणि ती कळायला सकाळी साडेसहाला करवीर तालुक्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर उभं राहावं. किटली पुढे येते, माणूस म्हणतो, "एकशेबारा." मापाड्या स्क्रीनकडे बघतो, मग माणसाकडे. "ह्यो आमचा एकशेबारा न्हवं. तुमची संस्था वरल्या गल्लीतली." माणूस सभासद आहे, नंबर खरा आहे, दूधही चांगलं आहे. तरी फॅट लागत नाही, पावती निघत नाही. सभासद हा शब्द एकटा उभाच राहत नाही, 'कुणाचा?' विचारावंच लागतं.

समजा 'संस्था' या वर्गात 'सभासद' हा अंतर्वर्ग आहे. जावाच्या लेखी दोन्ही संस्थांच्या सभासदांचा प्रकार एकच, 'संस्था.सभासद'. वरल्या गल्लीतला एकशेबारा खालच्या संस्थेच्या मतदानात घुसला तरी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणारा, ब्र काढत नाही. स्काला ही भाषा मात्र मापाड्यासारखी वागते. तिथे या संस्थेचा सभासद आणि त्या संस्थेचा सभासद हे दोन वेगळे प्रकार, आणि कुठल्याही संस्थेचा चालत असेल तर ते निराळ्या चिन्हाने सांगावं लागतं. याला 'पाथ-डिपेन्डन्ट टाइप' म्हणतात. 'मार्गावलंबी प्रकार' हा शब्दशः अवतार मला कोरडा वाटतो. मराठीत हे काम षष्ठी करतेच की! 'संस्थेचा सभासद' आणि 'ह्या संस्थेचा सभासद' यांत जो फरक, तोच हा. म्हणून मी 'षष्ठी-प्रकार' म्हणेन. अट एवढीच, की 'ह्या' म्हणताना दाखवलेलं बोट नंतर हलता कामा नये. स्कालातही असा प्रकार न बदलणाऱ्या नावावरूनच बनतो.

याच्या एक पायरी पुढे 'व्हर्च्युअल क्लास'. 'सहकारी संस्था' या वर्गात सभासद आणि पावती हे दोन अंतर्वर्ग. दूधसंस्था हा तिचा उपवर्ग झाला की सभासदाला जनावरं चिकटतात, पावतीला फॅट. साखर कारखाना हा उपवर्ग झाला की सभासदाला एकर, पावतीला उसाचं टनेज. म्हणजे घर बदललं की आतली माणसं जोडीनं बदलतात. ही कल्पना बीटा भाषेतली. मॅडसन आणि म्योलर-पेडरसन यांनी ती १९८९ मध्ये मांडली, पण तिथे काही तपासणी प्रोग्रॅम चालतानाच व्हायची. उसाची पावती दुधाच्या सभासदाला फाडली जाऊ नये, हे आधीच पकडायची वाट एरिक अर्न्स्ट यांनी २००१ मध्ये 'फॅमिली पॉलिमॉर्फिझम' या नावाने दाखवली, आणि २००६ मध्ये ऑस्टरमान आणि कुक यांच्यासोबत त्याची आकारिक सिद्धताही दिली. इथे 'व्हर्च्युअल'चं 'आभासी' करू नका. या वर्गात आभास काहीच नाही, तो फक्त पुढच्या पिढीत बदलता येतो. 'बदलता वर्ग' पुरे.

राहिला 'अ‍ॅनॉनिमस क्लास', वापरायच्या जागीच लिहिलेला, नाव न दिलेला क्लास. तो 'निनावी वर्ग'. एका विद्यार्थ्याने 'बेनामी' लिहिलं होतं म्हणे. बेनामी जमिनीला नाव असतं बाई, फक्त मालकाचं नसतं.