गेटबाहेर ठेवलेलं सामान नागपुरात कोणी नेतं का?

तुम्ही लिहिलं आहे की काही वर्षं जर्मनीत राहून आता प्रतापनगरला भाड्याच्या घरात आलात. जर्मनीत लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून, वर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी लावून दारापुढे ठेवतात. तसं इथे केलं तर चालेल का, कोणी नेईल का, शेजारी काय म्हणतील, असं तुम्हाला विचारायचं आहे. शेवटापासून सांगते. शेजारी दोन दिवस बोलतील. नेणारे नक्की नेतील, बहुतेक अंधार पडल्यावर. आणि चालेलही, फक्त ती वस्तू टाकलेली नसून दिलेली आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. सगळी मेख तिथेच आहे.

माझं घर हनुमाननगरात, मेडिकल कॉलेजपासून जवळ. वरच्या मजल्यावर विद्यार्थी भाड्याने राहतात. दरवर्षी कोणी ना कोणी खोली सोडतं आणि मागे बादल्या, गादी, टेबल, कूलर ठेवून जातं. त्यामुळे गेटबाहेर सामान ठेवणं हा आमच्याकडे जवळपास वार्षिक कार्यक्रम झाला आहे.

रस्त्याच्या कडेला चांगली वस्तू दिसली तरी आपल्याकडे माणूस हात लावण्याआधी थबकतो. पहिली भीती आळ येण्याची. सकाळी पोतं घेऊन प्लास्टिक वेचणारी बाई तुमची धडधाकट खुर्ची उचलून निघाली, तर चौकापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी तिला हटकतंच, "कुठून उचलली?" गेटबाहेर ठेवली होती, हे तिचं उत्तर कोणाला खरं वाटत नाही. तीच खुर्ची तुम्ही-मी नेली असती तर कोणी विचारलंही नसतं. म्हणून जाणती बाई आधी बेल वाजवते आणि विचारते, "बाई, हे द्याचं आहे का?" पण भर दुपारी अनोळखी घराची बेल वाजवायची हिंमत सगळ्यांना होत नाही. चिठ्ठी लिहायची ती अशांसाठी. आणि ती गेटला लावू नका, वस्तूलाच चिकटवा, म्हणजे वस्तूबरोबर जाईल आणि वाटेत कोणी अडवलं तर दाखवता येईल.

दुसरी शंका उताऱ्याची. हसू नका, खरंच सांगते. चौकात, तिठ्यावर, पिंपळाखाली ठेवलेल्या वस्तूला लोक वळसा घालून जातात. साडी, बांगड्या, सूप, मडकं यांतलं काही असेल तर विचारूच नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'घेऊन जा गे मारबत' म्हणून इडापीडा घराबाहेर घालवणारं हे शहर, इथे घराबाहेर काढलेल्या वस्तूकडे जरा जपूनच पाहिलं जातं. तेव्हा वस्तू आपल्याच गेटशेजारी, आपल्याच भिंतीला टेकवून ठेवायची, आणि अमावस्या टाळायची. माझा यावर विश्वास नाही, पण वस्तू नेणार दुसराच कोणी, तिथे माझ्या विश्वासाचं काय चालणार? घरातल्या गेलेल्या माणसाचे कपडे किंवा अंथरूण असेल तर ते मात्र बाहेर ठेवूच नका. कोणाचे आहेत ते सांगून हातात द्या. काहीजण आनंदाने घेतात, काहीजण नाही म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

चिठ्ठीत नुसतं 'फुकट' लिहून भागत नाही. वस्तू चालू आहे की बंद, काय बिघडलं आहे, ते लिहा: 'मिक्सर चालू, एका भांड्याचं पातं नाही', 'टेबलाचा एक पाय डगमगतो'. मोठ्या अक्षरात, जाड मार्करने. इथे कबाडी आणि हातठेल्यावाले बरेचदा हिंदीत बोलतात, तेव्हा खाली एक ओळ हिंदीत टाका. लिपी एकच असल्यामुळे ते सोपं पडतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गल्लीत एक-दोघांना तोंडी सांगून ठेवा: कामवाली बाई, समोरच्या फ्लॅट स्कीमचा चौकीदार, कचरागाडीवरची पोरं. चौकीदाराला सांगितलं की निम्मं काम झालंच. त्याच्या गावाकडे, भावाकडे, भाच्याकडे काय नाही आहे याची पूर्ण यादी त्याला पाठ असते.

आता कूलर. नागपुरात घर आवरताना सगळ्यात अडचणीची वस्तू हीच, आणि जर्मनीतला अनुभव इथे तुमच्या कामाचा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा जुना, गंजका, लोखंडी कूलरसुद्धा तासाभरात उचलला जातो. तोच जुलैत बाहेर ठेवला तर कबाडीशिवाय कोणी ढुंकून बघत नाही, टाकीत पावसाचं पाणी साचतं आणि गल्लीला डेंग्यूची सोय होते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी कोरड्या टाकीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. म्हणून कूलर द्यायचा तर एप्रिलात द्या, टाकी आतून घासून द्या. पावसाळ्यातच काढायची वेळ आली तर उलटा करून ठेवा. जुन्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेलं गवत, काढून वेगळ्या टाका, त्या कोणालाच नको असतात. आणि शॉक देणारा कूलर असेल तर वायर कापून टाका. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि अनवाणी पाय, एवढं झालं की चिठ्ठीतल्या इशाऱ्याचा काही उपयोग नसतो.

गादीचं दोन प्रकारांनी बघा. फोमची, डाग पडलेली गादी कोणी नेत नाही, आणि ढेकूण असलेली गादी बाहेर ठेवणं म्हणजे शेजाऱ्यांशी वैर. कापसाची गादी मात्र वाया घालवू नका. आपण कापसाच्या मुलखात राहतो, पिंजून घेतली की ती परत फुगते. स्वतःला नको असेल तर 'कापूस चांगला आहे' एवढं लिहून ठेवा, न्यायला येणारा नीट समजतो.

फ्रिज बाहेर ठेवायचा तर दार काढूनच, लहान पोरं लपाछपी खेळताना आत जाऊन अडकतात. ट्यूबलाइट आणि सीएफएल ठेवू नका, त्यांत पारा असतो. उरलेली औषधं, उघडा रंग, अ‍ॅसिडची बाटली यांचंही तेच. जुना मोबाइल किंवा लॅपटॉप गेटबाहेर ठेवणं मला पटत नाही. एक तर आत तुमची माहिती असते, दुसरं म्हणजे तो शेवटी जिथे पोचतो तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत ही जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे, तेव्हा तो अधिकृत संकलनातच द्या.

कपड्यांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. २०१५ च्या शेवटी इराणमधल्या मशहद शहरात भिंतीवर खुंट्या ठोकून 'नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या' असा प्रकार सुरू झाला. मग तो आपल्याकडे 'माणुसकीची भिंत' म्हणून गावोगावी आला. कल्पना फार चांगली, पण रोज कोणी आवरणारं नसेल तर महिनाभरात तिथे उसवलेल्या, मळक्या कपड्यांचा ढीग पडतो. देणाऱ्याला कपाट रिकामं केल्याचं समाधान मिळतं, आणि घेणाऱ्याने मात्र त्या ढिगात हात घालायचा. धुतलेले, घडी घातलेले, बटणं जागेवर असलेले कपडेच पिशवीत भरून ठेवा आणि पिशवीवर 'लहान मुलं, ५-६ वर्षं' असं काहीतरी लिहा. बाकीच्यांची पुसणी करा. जुन्या साड्या भांडेवालीला द्या. ती घासाघीस करेल, पण त्यांचं पुढे काय करायचं ते तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

काही वस्तूंना योग्य वेळ असते. जून-जुलैत नवी पोरं खोल्या शोधत येतात तेव्हा बादली, मग, टेबल, पलंग, गंज-झाकणी (पातेलं आणि झाकण), सगळं दिवसाच्या आत जातं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं कधीही जातात. अगदीच जुन्या आवृत्त्या असतील तर सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा.

राहिली महानगरपालिका. गेटच्या आत किंवा भिंतीला लागून, चालणाऱ्याच्या वाटेत न येता ठेवलंत तर सहसा कोणी काही म्हणत नाही. पण फुटपाथ अडवून पलंग ठेवलात, किंवा मोकळ्या प्लॉटवर नेऊन टाकलात, तर तो कचराच झाला. आपल्याकडे मनपाचं उपद्रव शोध पथक फिरत असतं, ते दंड करतं आणि योग्यच करतं. मे २०२३ मध्ये केंद्राच्या मोहिमेत शहरोशहरी वापरण्याजोग्या जुन्या वस्तू घेणारी 'आरआरआर' (रिड्यूस, रीयूज, रीसायकल) केंद्रं निघाली होती. प्रतापनगरहून लक्ष्मीनगर झोनचं ऑफिस जवळ पडेल, तिथे सध्या घेतात का ते विचारून मगच सामान गाडीत टाका.

दोन दिवसांत जे गेलं नाही ते परत आत घ्या, पावसात कुजत ठेवू नका. रविवारी सकाळी कबाड्याची हाक येतेच. लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक तो उभ्या उभ्या तोलून नेईल. काच बहुतेक वेळा घेत नाही, ती कागदात गुंडाळून, वर 'काच' लिहून कचरागाडीवरच्या माणसाच्या हातात द्या.