ब्लोअर फक्त चारवरच चालतोय?

मग मोटर बदलायला धावू नका. पिकअपचा ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) एक-दोन-तीनवर मुका आणि चारवर जोरात, ही साध्या नॉबच्या एसीत रेझिस्टर (करंट अडवून पंख्याचा वेग कमी ठेवणारा भाग) जळल्याची खूण. चारवर करंट रेझिस्टर टाळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढाच वेग उरतो. हीटर आणि एसीला ब्लोअर एकच. त्यामुळे कोणी गॅस भरायला सांगितलं तर लांबूनच हात जोडा.

रेझिस्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे, हवेच्या डक्टमध्येच स्क्रूने बसवलेला असतो. त्याला थंड ठेवते ती ब्लोअरचीच हवा. काढताना सॉकेट नीट बघा. एखादी पिन काळवंडलीय, प्लास्टिक वितळलंय? मग नुसता रेझिस्टर टाकून भागणार नाही, सॉकेटही वायरच्या तुकड्यासकट बदला. हात घातलाच आहे तर पंख्यातला पालापाचोळा काढा (उंदरांनी संसार थाटलेलाही सापडतो) आणि पंखा बोटाने फिरवून बघा. जड फिरत असेल तर मोटर जास्त करंट ओढतेय, नवा रेझिस्टरही टिकायचा नाही.

कुठल्याच नंबरवर हालचाल नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा. नॉब चारवर ठेवून मोटरच्या सॉकेटच्या दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागतोय पण मोटर गप्प? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिला हलकेच ठोका. फिरायला लागली तर मोटरच्या आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा अजिबात घालू नका, वायरिंग पेटेल.