दुसरा ग्लास भरण्याआधी

प्रिय बाय,

तुझा बेत वाचला. बालदिनाला देणगीसाठी जेवण, सोबत वाइन, आणि विषय मुलांचा मधुमेह. मावशीला पटलेलं नाही म्हणतेस. मला पटलं. व्याख्यान ठेवलंस तर माझ्यासारखी निवृत्त मंडळी येऊन बसतील, ज्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. जेवणाला मात्र आपल्या गोव्यात साखळी-डिचोलीहूनही लोक येतात, आणि वाइन असली की लवकर उठत नाहीत.

तारीखही चांगली निवडलीस. १४ नोव्हेंबर हा फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिनही तोच. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं. पुढच्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस ढकलत. तेव्हा या मुलांच्या नावाने भरली ताटं वाढण्यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

अडचण दुसरीकडे येईल. तू ‘मधुमेह’ म्हणालीस रे म्हणालीस की प्रत्येक टेबलावरचा एकेक काका आपली गोळी, आपलं कारल्याचं पाणी आणि आपला तीन महिन्यांचा रिपोर्ट सांगायला लागेल. त्यात अर्धी रात्र जाते. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाक की हा तो मधुमेह नव्हे. मुलांच्या या मधुमेहात, म्हणजे टाइप वनमध्ये, शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठते. मुलाने चॉकलेटं खाल्ली म्हणून तो होत नाही, आईने लाड केले म्हणूनही नाही. आणि इन्सुलिनला पर्याय नाही. काढ्याने, चूर्णाने मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी असा एखादा माणूस जेवायला येतोच. त्याच्याशी वाद घालू नकोस, पण माइक त्याच्या हाती जाऊ देऊ नकोस.

मग लोकांनी घरी काय घेऊन जायचं? एवढंच: मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, बारीक होतंय, मरगळलंय, तर त्याच दिवशी बोटातल्या थेंबावर साखर तपासून घ्या. अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालेलं मूल पुन्हा करायला लागलं, तर ते हट्टाने करतंय असं समजू नका. आमच्या वॉर्डात आलेल्या एका आईने सांगितलं होतं की मुलाच्या लघवीतल्या साखरेने मोरीत मुंग्या लागत होत्या, तिने फिनेल ओतून मोरी धुतली. तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

उशीर झाला की इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्लं साचतात. मूल ओकतं, पोट दुखतं म्हणतं, श्वास जोरजोरात घेतं, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. पावसाळ्यात हे पाहून सगळे पोटाचा संसर्ग म्हणतात, कधी न्यूमोनियाही म्हणतात. बोटातल्या थेंबावर साखर सांगणाऱ्या ग्लुकोमीटरला अर्धं मिनिटही लागत नाही. अशी लक्षणं असताना साखर २०० च्या वर दिसली, तर सकाळच्या उपाशीपोटी तपासणीची वाट पाहायची नसते, थेट इस्पितळ गाठायचं. उपाशीपोटीचा आग्रह आपल्याकडे फार असतो, म्हणून हे दोनदा सांग.

एवढ्याशा माहितीने फरक पडतो का, असं विचारणारा भेटेलच. त्याला पार्माची गोष्ट सांग. इटलीतल्या या चीज-हॅमच्या मुलखात १९९१ पासून शाळांत आणि मुलांच्या डॉक्टरांकडे एक साधं पोस्टर लावलं होतं. भर सारखी तहान, सारखी लघवी आणि अंथरूण ओलं करणं या सुरुवातीच्या लक्षणांवर होता. आधी तिथे नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुलं आम्लं साचलेल्या अवस्थेतच पोचत. पुढच्या काही वर्षांत ते प्रमाण १२.५ टक्क्यांवर आलं.

म्हणून पाहुण्यांची यादी बदल. देणगीदार राहू देत, पण अर्ध्या खुर्च्या अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षिका, बालरथाचे (शाळेच्या बसचे) चालक आणि फार्मसीवाल्यांना दे, त्यांच्याकडून पैसे न घेता. मूल वर्गातून चौथ्यांदा लघवीला गेलं, हे आधी बाईंना दिसतं. ‘युरिन इन्फेक्शनचं काहीतरी द्या’ म्हणत आई आधी फार्मसीत जाते.

जेवण आपलं नेहमीचंच ठेव. उकड्या तांदळाचा भात, माशाचं हुमण, सुकटीची किसमूर, एक भाज्यांचं खतखतें, शेवटी हरभऱ्याच्या डाळीचं गोड मणगणें. बिनसाखरेचं म्हणून काही वेगळं करू नकोस, कारण ही मुलंही हेच जेवतात, फक्त मोजून आणि त्या मापाचं इन्सुलिन घेऊन. दर टेबलावर एक ताट नमुन्याचं ठेव आणि वाटीला चिठ्ठी लाव: मध्यम वाटीभर भातात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं, हुमणातल्या बांगड्यात जवळजवळ शून्य, मणगण्यात गूळ आणि साबुदाणा म्हणून चमच्याचमच्याला हिशेब. भात वाढून घेताना पाहुण्याचा हात एकदा तरी थांबतो. अशा मुलाची आई हे मोजमाप दिवसातून तीनदा करते. चवथीला ‘त्याला नेवरी (करंजी) देऊ नको गो’ म्हणणाऱ्या आत्याला हे ताट जरूर दाखव.

आता वाइन. देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) ठेवलंस तर नुस्तंही (मासेही) नाही आणि वाइनचा विषयच नाही, तेव्हा जागा आधी ठरव. कुणाचं जुनं घर, ऐसपैस अंगण मिळालं तर उत्तम. बोलायचं ते पहिल्या ग्लासानंतर आणि दुसऱ्याच्या आधी, दहा मिनिटांत. त्यानंतर कुणी ऐकत नाही, मी पाहिलंय. मद्य कंपनीचा फलक मुलांच्या नावाशेजारी नको, मग ती कितीही पैसे देवो. आजार असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलं येणार असतील, तर दारूने यकृत साखर सोडायचं थांबतं आणि झोपेत साखर घसरू शकते, हे त्यांच्याशी बाजूला बसून मोकळेपणी बोल. स्टेजवरून नको. स्टेजवर खरं तर कुठलंच मूल नको, इन्सुलिनचा पंप दाखवायलाही नाही. त्यांच्या आयांना मात्र चांगल्या जागी बसव. रात्री दोनला उठून साखर बघणाऱ्या बाईला एक ग्लास वाइन आणि गरम जेवण कुणीतरी हातात द्यायलाच हवं.

उरलेल्या पैशांच्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स घे. त्या सतत लागतात आणि सतत संपतात.

आणि पंचांग बघ. १४ तारीख सोमवारी-गुरुवारी आली किंवा तुळशीच्या लग्नाच्या आधी पडली, तर निम्मे लोक नुस्तं खाणार नाहीत, खतखत्याचं पातेलं मोठं लागेल. अबकारी खात्याच्या एका दिवसाच्या परवान्याचा अर्ज मात्र आत्ताच टाक. वाढायला मी येईन, भाषण तूच कर.

तुझी,
वॉर्डातली सिस्टर