वरून जाणाऱ्यांची कमान

प्रश्न : भाच्यानं परदेशातल्या एका रस्त्याचा फोटो पाठवलाय. पिवळी कमान, वर घड्याळ, मागं उंच डोंगर. खाली लिहिलंय, 'कॉन्व्हेंटची कमान'. शाळेनं भर रस्त्यावर एवढी कमान कशाला बांधली? आणि शाळेत शिरायचं कुठून?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी शाळा डोक्यातून काढा. आपल्याकडं कॉन्व्हेंट म्हटलं की टाय, बूट आणि ॲडमिशनची धावपळ. मूळ अर्थ ख्रिस्ती जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, मठ. फोटो ग्वाटेमाला देशातल्या अँटिग्वा गावाचा. मठ सांता कातालिनाचा, स्पॅनिश अमलात १६०९ साली स्थापन झालेला.

या जोगिणींचा नेम कडक. एकदा मठात गेल्या की बाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्याच्या नजरेस पडायचं नाही. पुढं त्यांची संख्या वाढली, मठ अपुरा पडला, आणि नवी जागा मिळाली ती नेमकी रस्त्यापलीकडं! रस्ता वाहता, तो काही बंद करता येईना. म्हणून १६९४ च्या सुमारास ही कमान झाली. तिच्या पोटात बोळ आहे. खालून घोडी-गाढवं जायची, वरून जोगिणी.

आपण नगारखान्याखालून भवानी मंडपात शिरतो, त्यामुळं कमान म्हणजे आत जायची वाट, हे आपल्या डोक्यात पक्कं. मीसुद्धा चित्रकलेच्या तासाला पोरांकडून हे चित्र काढून घ्यायचो, 'वेस काढा रे' म्हणत. वेस कसली, पूल होता तो.

१७७३ च्या भूकंपांनी शहर मोडलं, तेव्हा इथं असलेली राजधानी दुसरीकडं हलली, मठही ओस पडला. कमान मात्र उभी राहिली. घड्याळाचा मनोरा १८३० च्या दशकात चढवला, म्हणजे ज्यांच्यासाठी कमान बांधली त्यांच्या नशिबी ते घड्याळ नव्हतंच.

मागचा डोंगर म्हणजे ज्वालामुखी, उंची ३,७६० मीटर. नाव मात्र आग्वा, म्हणजे पाणी! १५४१ साली त्याच्या उतारावरून पाण्या-चिखलाचा लोंढा आला आणि अँटिग्वाच्या आधीची राजधानी गाडली गेली.

भाचा अजून तिथंच असेल, तर कमान दोन्हीकडच्या भिंतींना जिथं टेकते तिथला फोटो मागवा. कॅलेंडरवाले नेमका तोच भाग कापतात.